झोप मोजणारी गादी आणि बीडची पहाट

#थ्रेड

(१/१७)
गादीखाली सरकवून ठेवायची एक पातळ पट्टी. अंगाला तार नाही, मनगटावर पट्टा नाही. माणूस झोपतो आणि सकाळी मोबाइलवर हिशेब उमटतो : झोप किती तास, त्यातली गाढ किती, कूस किती वेळा बदलली, श्वासाची गती काय होती. अशी यंत्रे आता भारतातही तयार होतात. या यंत्राला जवळजवळ दीडशे वर्षांची पूर्वपीठिका आहे. मात्र बीड जिल्ह्यातील माणसांच्या झोपेचा इतिहास लिहायचा झाला, तर त्यात या पट्टीची जागा कोणती, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

(२/१७)
प्रथम यंत्राचे तत्त्व. काही पदार्थांवर दाब पडला की त्यांत सूक्ष्म विद्युतभार निर्माण होतो. याला दाबविद्युत म्हणतात. क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये हा गुणधर्म दाखवून दिला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रक्त महाधमनीत ढकलले जाते आणि त्याच्या उलट धक्क्याने सारे शरीर किंचित हलते. श्वासाची हालचाल संथ, ठोक्याची जलद, कूस बदलण्याची मोठी व अनियमित. गादीखालची पट्टी या तिन्ही लहरी एकत्र टिपते आणि संगणक त्या वेगळ्या करतो. ‘गाढ झोप’ हे त्यावरून काढलेले अनुमान असते. मेंदूतील विद्युतलहरी ही पट्टी मोजत नाही.

(३/१७)
शरीराचा हा धक्का प्रथम लक्षात आला तो १८७७ मध्ये. वजनकाट्यावर स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या नाडीबरोबर काटाही थरथरतो, असे जे. डब्ल्यू. गॉर्डन यांनी नोंदवले. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे आयझॅक स्टार यांनी १९३९ मध्ये त्यासाठी खास टेबल तयार केले. त्यावर माणसाला निजवून हृदयाची ताकद अजमावता येई. आजच्या पट्टीचे मूळ या टेबलात आहे.

(४/१७)
झोपेच्या मोजणीत बाजारही फार लवकर शिरला. १९२५ मध्ये पिट्सबर्ग येथील मेलन संस्थेत हॅरी जॉन्सन यांनी झोपलेल्या माणसांच्या हालचाली यंत्राने नोंदवण्यास सुरुवात केली. निरोगी माणूस रात्रभर ओंडक्यासारखा पडून राहत नाही, तो अनेकदा कूस बदलतो, हे त्यातून सिद्ध झाले. या संशोधनाला पैसा पुरवला सिमन्स कंपनीने. सिमन्सचा धंदा पलंग आणि गाद्यांचा होता. झोप मोजण्याच्या खर्चामागे गिऱ्हाईक आहे, हे तेव्हापासूनचे सत्य आहे.

(५/१७)
पुढचे टप्पे थोडक्यात. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या. १९५३ मध्ये शिकागोच्या अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी बुबुळांच्या जलद हालचालींची झोप वेगळी ओळखली. १९८० च्या आसपास फिनलंडमध्ये संशोधकांनी अंगाला काहीही न चिकटवता हालचाल टिपणारी गादी तयार केली. त्याच देशातील बेडिट ही कंपनी २०१७ मध्ये अ‍ॅपलने विकत घेतली. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या बंगळूरुच्या डोझी या कंपनीच्या पट्ट्या आता रुग्णालयांतील खाटांवरही दिसतात. अतिदक्षता विभागाबाहेरच्या रुग्णावर रात्रभर नजर राहते, हा त्यांचा खरा उपयोग. तो नाकारण्याचे कारण नाही.

(६/१७)
परंतु या साऱ्या यंत्रांनी तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. झोपणाऱ्याला स्वतःची गादी आहे. त्या गादीवर तो एकटा आहे, किंवा निदान आपली बाजू सोडत नाही. आणि रात्र त्याच्या मालकीची आहे, म्हणजे झोप बिघडली तर दोष त्याच्या सवयींचा. बीडच्या इतिहासात या तिन्ही गृहीतकांचा टिकाव लागत नाही.

(७/१७)
मराठवाड्यातील स्त्रियांच्या झोपेचा पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. तो जात्यावर आहे. घरातील दळण पहाटेच्या अंधारात, सारे घर जागे होण्याआधी उरकावे लागे आणि त्या वेळी ओव्या गायल्या जात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी गायलेल्या बाबासाहेबांवरील ओव्याही त्यांत आहेत. त्यांची चर्चा काव्य म्हणून, भक्ती म्हणून, आंबेडकरी जाणीव म्हणून होते आणि ती योग्यच आहे. पण प्रत्येक ओवी ही कुणा बाईच्या न घेतलेल्या झोपेची नोंदही आहे.

(८/१७)
पुढे गावोगावी पिठाची गिरणी आली. तिने कुणाची झोप मोजली नाही. दळणाचे डोक्यावरचे ओझे मात्र उतरवले. पहाटेचे काही तास मोकळे झाले. महाराष्ट्रातील स्त्रियांच्या विश्रांतीचा इतिहास कधी लिहिला गेला, तर त्यात कोणत्याही गादीपेक्षा या गिरणीला वरचे स्थान द्यावे लागेल. मात्र मोकळे झालेले तास कुणाच्या पदरात पडले, हा प्रश्न उरतोच.

(९/१७)
बीडमध्ये त्याचे उत्तर उसाच्या फडात मिळते. १९५० मध्ये लोणी येथे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांचे जाळे विणले गेले. त्यांना तोडणीसाठी माणसे हवी होती. बालाघाटाच्या उताराची हलकी, कोरडवाहू जमीन वर्षभर पोट भरू शकत नव्हती. १९७२ च्या दुष्काळानंतर स्थलांतर वाढत गेले. आज पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एकच नाव आहे : कोयता.

(१०/१७)
या कोयत्याचे घर म्हणजे कोपी : बांबू, तट्ट्या, पाचट आणि वर ताडपत्री. एकाच अंथरुणावर आई, बाप, लेकरे. पहाटे तीन-चारला उठायचे, भाकरी थापायच्या, उजाडण्याआधी फड गाठायचा. दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणे. मग ट्रक किंवा ट्रॅक्टर येईल तेव्हा भरणी. तो रात्री अकराला आला तर अकराला, दोनला आला तर दोनला. बैलगाडीवाल्याची रात्र तर अनेकदा वजनकाट्यावर नंबर लागण्याची वाट पाहण्यात जाते. या अंथरुणाखाली ती पट्टी ठेवली, तर कोणता श्वास कुणाचा हेही तिला उमगणार नाही.

(११/१७)
रात्रीच्या भरणीचे समर्थन नेहमी एकच असते. ऊस तोडला की त्यातील साखर घटू लागते. कारखाना हंगामात चोवीस तास चालतो, त्याचे बॉयलर थंड होऊ द्यायचे नसतात. शास्त्र म्हणून हे खरे आहे. पण हाच ऊस कारखान्याच्या आवारात वाहनांच्या रांगेत तासन्‌तास उभा असतो. तिथे घटणारी साखर चालते आणि फडावरील बाईने चार तास सलग झोपावे एवढी सवड मात्र परवडत नाही. म्हणजे हा केवळ रसायनाचा नियम नाही. कुणाच्या वेळेला किंमत आहे आणि कुणाच्या नाही, याचाही तो नियम आहे.

(१२/१७)
कायद्याकडे पाहिले की ही दरी स्पष्ट होते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, साप्ताहिक सुट्टी दिली आणि स्त्रियांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामावर ठेवण्यास मूळ तरतुदीने मनाई केली. साखर कारखान्याच्या भिंतीच्या आत हा कायदा होता. त्याच कारखान्याला ऊस पुरवणारी बाई मात्र भिंतीबाहेर, मुकादमाच्या हिशेबात होती. तिला सुट्टी नाही. तिला खाडा आहे. एक दिवस पडून राहिले तर मजुरी बुडते आणि वर दंडही कापला जातो. आजारपणातील झोपेचीही किंमत मोजणारी ही व्यवस्था आहे.

(१३/१७)
कायद्याच्या भिंतीआत असलेली विश्रांतीही कुणी दान दिलेली नव्हती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सूर्यास्तानंतर काम बंद, अशा मागण्यांच्या निवेदनावर पाच हजारांहून अधिक कामगारांनी सह्या केल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची विश्रांती यांवर शिक्कामोर्तब केले.

(१४/१७)
मग १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि जिंकलेली रात्र पुन्हा हातची गेली. अंधार ही कामाची नैसर्गिक सीमा होती. ती पुसली जाताच दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. त्यावर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार ही त्याच मुंबईची ओळख होती. यंत्र झोप देते की घेते, हे त्याच्याभोवतीचा करार ठरवतो, हा यातून मिळणारा धडा. उद्या फडात ऊसतोडणी यंत्र सर्वत्र आले, तरी हाच प्रश्न पुन्हा विचारावा लागेल.

(१५/१७)
मग मोजणी व्यर्थ आहे काय? नाही, बीडनेच त्याचे उत्तर दिले आहे. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये आवाज उठला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हा आकडा येईपर्यंत ती प्रत्येक घराची खासगी गोष्ट होती. आकडा आल्यावर ती सार्वजनिक झाली. लोखंड्यांच्या सह्यांचे बळही असेच होते. मोजणीला अर्थ येतो तो तिच्यामागे मागणी उभी असते तेव्हा.

(१६/१७)
झोपेच्या यंत्राची मर्यादा नेमकी इथे आहे. ते माणसाला त्याचा एकट्याचा आकडा देते आणि उपायही एकट्याचाच सुचवते : लवकर निजा, चहा कमी घ्या, मोबाइल दूर ठेवा. फडावरील माणसाला यातील काहीच लागू नाही. त्याची झोप का मोडते हे शोधण्यास यंत्र नको. ट्रक किती वाजता आला याची वही पुरे. ती वही मुकादमाजवळ किंवा कारखान्याजवळ न राहता कामगारांच्या हाती असावी, एवढीच अट. त्या वहीच्या आधारे मग मागण्या करता येतील : रात्री दहा ते पहाटे चार भरणी बंद, आठवड्यात एक दिवस खाड्याविना सुट्टी, कोप्यांच्या वस्तीत दिवे, पाणी आणि शौचालये. दिवंगत गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ आहे. अशा मागण्या घेऊन जाण्यासाठी तेवढे दार तरी अस्तित्वात आहे.

(१७/१७)
इतिहासाच्या अभ्यासकांनी लढाया, तह आणि वंशावळी वाचाव्यात. त्याबरोबर एखाद्या काळातील माणसे किती वाजता उठत आणि कुणाच्या सांगण्यावरून उठत, हेही विचारावे. जाते, गिरणीचा भोंगा, फडावरील ट्रकचा हॉर्न : बीडच्या आणि महाराष्ट्राच्या पहाटेची ही तीन साधने आहेत. गादीखालची पट्टी चौथे साधन म्हणून त्यांत जरूर जमा व्हावी. मात्र ती ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही त्यांची झोप नोंदीविना राहिली, म्हणून ती मोडलीच नव्हती असे उद्याच्या इतिहासकाराने समजू नये.