घर आणि यंत्र : हटून बसलेला लॅपटॉप

घरांतील यंत्र अडलें म्हणजे मंडळींत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "हात लावूं नका, आहे तेंही जाईल." दुसरा म्हणतो, "सरा बाजूला, मी पाहतों." पहिल्याच्या भित्रेपणानें यंत्र कोपऱ्यांत धूळ खात पडतें आणि दुसऱ्याच्या उतावळेपणानें एका दोषाचे चार दोष होतात. या दोहोंच्या मधली एक वाट आहे. ती २०२५ च्या दिवाळींत माझ्या वहिनींनीं मला दाखविली. ती हकीकत या महिन्यांत सांगतों; कारण आमच्या घरीं जें घडलें, तें आज पुष्कळ घरीं घडत आहे.

शिरड शहापूर हें हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यांतील गांव. तेथें माझे थोरले बंधु राहतात. त्यांच्या घरीं २०१५ सालीं घेतलेला एक लॅपटॉप आहे. त्यावरील विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचें नेहमीचें पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. विंडोज ११ घालावी, तर तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. तीं दोन्हीं या यंत्रांत नाहींत. तेव्हां अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षास असलेल्या माझ्या पुतण्यानें ठरविलें कीं, जुन्या यंत्रावर विनामूल्य मिळणारी लिनक्स घालावी. बेत उत्तम होता. अडचण इतकीच कीं, लिनक्सचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपला लावला, तरी तो सुरूच होईना.

मी पोहोंचलों तो या खटाटोपाचा तिसरा दिवस होता. आतां तर जुनी विंडोजही उठत नव्हती. काळ्या पडद्यावर एकच ओळ येई : सुरू करण्याजोगी डिस्क सांपडत नाहीं. "काका, यंत्रच गेलें," असें म्हणून पुतण्या खालीं मान घालून बसला होता. दादांचें बोलणें चालूच होतें. वहिनी मात्र कांहीं बोलत नव्हत्या. दादा बाहेर गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, मामंजींची वही त्यांत आहे."

माझ्या पोटांत धस्स झालें. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्या धामधुमीच्या दिवसांच्या आठवणी वडिलांनीं उतारवयांत एका वहींत लिहून ठेविल्या होत्या. पुढें त्या वहीला वाळवी लागली. वहिनींनीं तत्पूर्वीं तिच्या पानापानाचीं छायाचित्रें काढून ठेविलीं होतीं, आणि तीं या एका लॅपटॉपावांचून दुसरीकडे कोठेंही नव्हतीं.

येथें थोडें थांबून लॅपटॉप जागा कसा होतो तें पाहूं. या जागें होण्यास इंग्रजींत जो 'बूट' शब्द आहे, तो आपल्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला वर उचलण्याच्या कल्पनेवरून आला आहे. बटण दाबतांच प्रथम फर्मवेअर नांवाचा लहानसा प्रोग्रॅम उठतो. तो यंत्राच्या बोर्डावरच कायमचा वस्तीस असतो. तो स्मरणशक्ति, कळफलक, डिस्क यांची हजेरी घेतो, ठरलेल्या क्रमानें एकेका डिस्कपाशीं जातो आणि विचारतो, "तुजपाशीं सुरुवात आहे काय?" जिच्यापाशीं ती मिळेल, तिच्या स्वाधीन तो यंत्र करितो. ही विचारणा करण्याच्या दोन रीती आहेत. एक बायोसची जुनी, आणि दुसरी यूईएफआयची नवी. नव्या रीतींत फर्मवेअर पेनड्राइव्हवरील ठराविक फोल्डरांत ठराविक नांवाची फाईल शोधतें. जुन्या रीतीस त्या फाईलीची ओळखच नसते. त्याशिवाय नव्या रीतींत सिक्युअर बूट नांवाचा एक पहारेकरी असतो. ओळखीची डिजिटल सही नसलेल्या सुरुवातीस तो दारांतूनच परतवितो.

आतां मूळ हकीकतीकडे वळूं. वहिनींनीं किराण्याच्या हिशेबाची वही उलटी करून मागचें कोरें पान काढलें आणि मुलास म्हणाल्या, "तूं काय काय केलेंस, क्रमानें सांग."

"आई, तें आतां कोणाला आठवणार?"

"आमटी खारट झाली म्हणजे मी आधीं विचारतें, मीठ कोणीं कोणीं घातलें? तें कळल्यावांचून पाणी किती घालावें हें कसें ठरवायचें?"

ज्यांच्या घरीं तीन सुना एका चुलीवर राबल्या आहेत, त्यांस हा दाखला निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. हळूहळू यादी तयार झाली. पहिल्या रात्रीं पेनड्राइव्ह चालेना, तेव्हां त्यानें कोणीं कांहीं सांगितलें, कोठें कांहीं पाहिलें, त्याप्रमाणें फर्मवेअरमध्यें चार फेरफार केले होते : यूईएफआयऐवजीं जुनी रीत लाविली, सिक्युअर बूट बंद केला, डिस्कशीं बोलण्याचा प्रकार बदलला आणि क्रमही फिरविला. हें सारें एका बैठकींत!

विंडोज कां उठत नव्हती, याचा उलगडा झाला. त्या यंत्रावरील विंडोज नव्या रीतीची होती. जुन्या रीतीनें शोधणाऱ्या फर्मवेअरला तिची सुरुवात दिसणार कोठून? डिस्क शाबूत होती. आम्हीं फर्मवेअरच्या पटलांत जाऊन सर्व मांडणी कारखान्यांतून आली तशी करण्याचा पर्याय निवडला आणि यंत्र पुन्हां सुरू केलें. मिनिटाभरानें ओळखीचें चित्र पडद्यावर उमटलें. पुतण्या लगेच पेनड्राइव्हकडे वळला, तों वहिनींनीं त्याचा हात धरला. "आतां दुसरें कांहीं नाहीं. आधीं वही बाहेर काढ." सर्व छायाचित्रें एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरविलीं. वहिनींनीं त्यांतलीं चार पानें माझ्या लॅपटॉपवर उघडून पाहिलीं, मगच त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मूळ दोषाचा शोध सुरू केला. पेनड्राइव्ह उघडून पाहतों तों आंत एकच भलीमोठी आयएसओ फाईल! खरा घोटाळा एवढाच होता. आयएसओ फाईल म्हणजे बांधलेलें गांठोडें. तें नुसतें पेनड्राइव्हवर ठेवून भागत नाहीं. रूफस किंवा बलेना एचर यांसारख्या प्रोग्रॅमनें तें सोडून योग्य तऱ्हेनें लिहावें लागतें. या लिहिण्यांत पेनड्राइव्हवरील पूर्वीचें सर्व पुसलें जातें, हें ध्यानांत ठेवावें. लिहिण्यापूर्वीं आम्हीं फाईल उतरतांना खराब झाली नाहीं ना, हेंही पाहिलें. देणारे फाईलीबरोबर एसएचए-२५६ नांवाची ६४ अक्षरांची खूण देतात. आपल्या फाईलीची खूण काढून ती हिच्याशीं जुळवावी. एक अक्षर जरी चुकलें तरी फाईल पुन्हां उतरवावी.

त्यानंतर विंडोजमध्यें शट डाऊन न करितां रीस्टार्ट केलें. विंडोजची फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असली म्हणजे शट डाऊन केलेलें यंत्र पुरतें झोंपत नाहीं. रीस्टार्टमध्यें मात्र जागें होण्याचा विधि पहिल्यापासून होतो. यंत्र सुरू होतांच बूट मेन्यूची कळ दाबली. ती कोठें एफ १२, कोठें एफ ९, तर कोठें एस्केप असते. यादींत पेनड्राइव्हचें नांव आलें, तें निवडलें, आणि तीन दिवस हटून बसलेला इन्स्टॉलर मुकाट्यानें सुरू झाला. सिक्युअर बूट चालूच होता. त्याची कांहीं हरकत नव्हती. चारांपैकीं एकही फेरफार करण्याची मुळांत गरज नव्हती.

पुढें प्रश्न आला : सर्व डिस्क पुसून लिनक्स घालूं काय? पुतण्याचें बोट थबकलें. पहिल्या रात्रीं इन्स्टॉलर सुरू झाला असता, तर हें बटण त्यानें डोळे मिटून दाबलें असतें आणि आजोबांची वही कायमची गेली असती. त्यानें आईकडे पाहिलें. ती फक्त म्हणाली, "आतां दाब." यंत्राच्या ज्या हट्टास आम्ही तीन दिवस शिव्या दिल्या, त्यानेंच आमचें घरचें धन राखलें.

वहिनींचा नियम केवळ स्वयंपाकघरापुरता आहे, असें कोणी समजूं नये. आमच्या औंढ्याच्याच परिसरांत लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी प्रयोगशाळा व्हावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२३ सालीं तीस मंजुरी दिली. अमेरिकेंतील अशाच दोन यंत्रांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अशी पहिली लहर टिपली. तेव्हां शास्त्रज्ञांनीं काय केलें? त्यांनीं यंत्रांची मांडणी कित्येक दिवस मुद्दाम जशीच्या तशी ठेविली. कारण मांडणी बदलली असती, तर दिसलेली खूण खरी कीं यंत्राचीच कुरकुर, हें ताडून पाहण्यास आधार उरला नसता. तेवढ्या मोठ्या कामास जो संयम लागतो, तोच घरच्या लॅपटॉपासही लागतो.

म्हणून वाचकांस सांगणें इतकेंच. लॅपटॉप अडला तर प्रथम विचारावें, तो कोणत्या पायरीपर्यंत आला? यादींत पेनड्राइव्हचें नांवच नसेल, तर तो नीट लिहिला आहे काय, दुसऱ्या खांचेंत चालतो काय, आणि त्याची व यंत्राची रीत एक आहे काय, हें पाहावें. नांव आहे, पण सहीची तक्रार येते, तर सिक्युअर बूटकडे पाहावें. इन्स्टॉलर चालतो पण डिस्क दिसत नाहीं, तर डिस्कशीं बोलण्याच्या प्रकाराकडे वळावें. अलीकडच्या कित्येक लॅपटॉपांत विंडोजच्या इन्स्टॉलरला त्यासाठीं निराळा ड्रायव्हर द्यावा लागतो. एका वेळीं एकच फेरफार करावा, तो लिहून ठेवावा, गुण न आल्यास परत फिरवावा. नव्या लॅपटॉपांत डिस्कला बिटलॉकरचें कुलूप असण्याचा संभव असतो. फर्मवेअरला हात लावण्यापूर्वीं त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी, नाहीं तर स्वतःच्याच घराबाहेर उभें राहण्याची पाळी येईल. आणि या सर्वांच्या आधीं, जें पुन्हां मिळणार नाहीं तें दोन ठिकाणीं उतरवून ठेवावें.

निघतांना मीं पाहिलें, वहिनींनीं हिशेबाच्या वहींतलें तें पान फाडलें नव्हतें. त्याखालीं पुतण्यानें स्वतःच्या अक्षरांत पांचवी ओळ लिहिली होती : आधीं आईला विचारावें.