वाटेत उभं राहण्याचा गुन्हा
मैदानावर सर्वात जास्त शिव्या खाणारा निर्णय कुठला, तर सॉफ्टबॉलमधलं ‘ऑब्स्ट्रक्शन’. परवाच्या शालेय सामन्यातही तेच. दुसऱ्या बेसवरची मुलगी चेंडूविना वाटेत उभी, धावणारी तिला वळसा घालून गेली. धक्का लागला नाही, म्हणजे प्रेक्षकांच्या मते काही घडलंच नाही. पंचांनी मात्र डावा हात आडवा धरून मूठ आवळली: खेळ चालू द्या, हिशेब नंतर. नियमाला ना धक्का हवा, ना हेतू. चेंडू हातात नाही, तो अडवणंही चाललेलं नाही आणि धावणारीची लय मोडली, एवढं पुरे. ‘मी काय मुद्दाम उभी होते?’ हा एसटीच्या दारातला युक्तिवाद इथे चालत नाही, चालूही नये. खरी कसोटी पुढेच. अडथळा नसता तर ती कुठल्या बेसपर्यंत पोचली असती, हे पंचांनीच ठरवायचं. बेसमधलं अंतर 60 फूट, हाताशी जेमतेम तीन सेकंद आणि निकाल द्यायचा तो न घडलेल्या धावेचा! बघ्यांनी चेंडू बघावा, पंचांना पाय बघावे लागतात. आणि हो, हातात चेंडू नसताना टॅगचं नाटक करणं हाही अडथळाच. त्याला ‘काय डोकं चालवलं!’ म्हणून टाळ्या पिटणाऱ्या पालकांना बाहेर काढायचा अधिकारही माझ्या मते पंचांना द्यावा.