बावची घ्या, पाप फेका

कोड फुटलेल्या माणसाचा कप वेगळा ठेवणारे लोक आपल्या वस्तीतही आहेत. ज्यांच्या आज्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं, त्यांच्याच घरात हे चालतं. दोस्तहो, हे मला खपत नाही. म्हणून लिहितो.

कोड शिवल्यानं पसरत नाही. तो महारोग नव्हे. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच उलटतात आणि कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारतात. यात पाप कुठनं आलं?

पाप आणलं पोथ्यांनी. चरकसंहिता कोडाची कारणं सांगताना देवांची निंदा, गुरूचा अपमान आणि मागल्या जन्मीचं कर्म मोजते. मनुस्मृती सांगते, कापड चोरणाऱ्याला कोड होतं. ती पोथी बाबासाहेबांनी 1927 साली महाडला जाळली. पण तिच्यातला हा किडा आपल्या डोक्यात अजून वळवळतो.

मग त्याच वैद्यांची बावची तरी का घ्यायची? अरे, झाड कुणाच्या बापाचं नसतं. बावचीच्या बियांत सोरालेन असतं. ते कातडीत उतरलं आणि वर ऊन पडलं की रंग परतू शकतो. इजिप्तमध्ये नाईलकाठच्या एका रानटी झुडपातलं असंच द्रव्य एल मोफ्ती या डॉक्टरांनी 1940च्या दशकात कोडावर वापरलं. तिथून औषध अधिक अतिनील किरणं हा उपचार जगभर गेला. म्हणजे आजीचं बी खोटं नव्हतं.

पण जे गुण देतं तेच जाळतं. आमच्या टोळीतल्या एका पोराला एका वैद्यानं बावचीचं तेल दिलं. उन्हात किती वेळ, ते सांगितलं नाही. गोदीत ऊन मोजून मिळत नाही. दोन दिवसांत हातभर फोड. पाळी बुडाली, मजुरी बुडाली. वैद्य म्हणाला, पथ्य मोडलं असशील. साला, पुन्हा दोष रोग्याचाच!

पोटात बावची घेऊन लिव्हर बिघडल्याच्याही नोंदी आहेत. 'नैसर्गिक' या शब्दाला भुलू नका; विस्तवही नैसर्गिकच असतो. सरकारी इस्पितळात कातडीच्या डॉक्टरला दाखवा, किरणं मोजून घ्या. बावची लावायची तर त्याला विचारून लावा.

आणि डाग राहिलाच तर राहू दे. त्या माणसाच्या ताटाला ताट लावून जेवा. त्याला कुणा वैद्याची चिठ्ठी लागत नाही.