लायसन देशभर चालतं, परमिट मात्र वेशीवर अडतं

बीदर : भालकी, कमलनगर, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात नवा टेम्पो घेतलेल्या माणसाला "कागद झाले का?" असं विचारलं, की बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर येतं, "हो, कमर्शियल लायसन काढलंय." या एका शब्दात परमिट, फिटनेस, टॅक्स, इन्शुरन्स सगळं आलं, असं धरून गाडी रस्त्यावर येते. प्रत्यक्षात धंद्याची गाडी चालवण्यासाठी असा एकच कागद नाही. लायसन चालकाचं असतं आणि परमिट गाडीचं. सीमाभागात या दोन कागदांची गल्लत इतर ठिकाणांपेक्षा जास्त महाग पडते, कारण इथं गाडी अर्ध्या तासात दुसऱ्या राज्यात जाते.

लायसनचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. ते कर्नाटकात काढलेलं असो की महाराष्ट्रात, देशभर चालतं. 2019 मध्ये आठवी पासची अट गेली, त्यामुळे शाळा अर्ध्यावर सुटलेल्या अनेक पोरांची वाट मोकळी झाली. मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने जड वाहनाच्या लायसनची मुदतही तीनवरून पाच वर्षांवर गेली. आणि 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस 7500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू किंवा प्रवासी गाडीही चालवू शकतो. त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. त्यावरच्या वजनाला मात्र 20 वर्षं वय आणि हलक्या वाहनाच्या लायसनला किमान एक वर्ष झालेलं असणं, या अटी कायम आहेत.

गडबड इथूनच सुरू होते. "आता काहीच लागत नाही" असा या निकालाचा अर्थ लावला जातो. न्यायालयासमोर प्रश्न चालकाच्या लायसनचा होता. गाडीच्या परमिटबद्दलचे नियम होते तसेच आहेत.

गाडी मालाची असेल तर आधी तिचं वजन बघावं लागतं. लोडसह एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल, म्हणजे छोटा हत्ती वगैरे, तर परमिट लागतच नाही. कायद्याच्या कलम 66 मध्येच ती सूट आहे. भालकीच्या शेतकऱ्याने त्यातून तुरीचे कट्टे उदगीरच्या मोंढ्यात नेले, तर नोंदणी, फिटनेस, इन्शुरन्स आणि लागू असलेला टॅक्स एवढंच बघायचं. त्याहून मोठी पिकअप घेतली की हिशेब बदलतो. राज्यापुरतं परमिट दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, तिकडच्या परिवहन प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागते. नाहीतर नॅशनल परमिट घ्यायचं, त्याचे वर्षाला 15 हजारांहून जास्त मोजायचे.

ट्रक लांबच्या फेऱ्या मारत असेल तर ही रक्कम काहीच नाही. पण महिन्याला चार-दोन वेळा उदगीर-निलंगा करणाऱ्या पिकअपवाल्याला ती जड जाते. शिवाय साधा, म्हणजे मल्टी-ॲक्सल नसलेला, ट्रक 12 वर्षांपेक्षा जुना असेल तर त्याला नॅशनल परमिट मिळतच नाही. जुनी गाडी घेऊन धंदा सुरू करणाऱ्याने सौदा करण्याआधी आरसी बुकावरचं साल बघितलेलं बरं.

नॅशनल परमिट असूनही एक पेच उरतो, तो परतीच्या भाड्याचा. बीदरच्या गाडीने लातूरला माल उतरवला, तर लातूरहून बीदरचं भाडं घेता येतं. लातूरहून उदगीरचं घेता येत नाही. परक्या राज्यातल्या दोन ठिकाणांमध्ये माल उचलायचा आणि उतरवायचा नाही, असा नियम आहे. रिकामी गाडी परत आणणं कोणालाच परवडत नाही, म्हणून हा नियम रोज मोडला जातो.

यात जुना इतिहासही आडवा येतो. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. जहीराबाद आणि नारायणखेडही. राज्यं बदलली, बाजार आणि सोयरिकी तिथंच राहिल्या.

प्रवासी गाडीला वजनाची सूट नाही. लग्नाचं वऱ्हाड न्यायचं असेल तर कलम 88 खाली तेवढ्यापुरतं स्पेशल परमिट मिळतं, त्याला प्रतिस्वाक्षरी लागत नाही. अट इतकीच, की वाटेत दुसरे प्रवासी घ्यायचे नाहीत. जत्रेसाठी किंवा हंगामी धंद्यासाठी जास्तीत जास्त चार महिन्यांचं तात्पुरतं परमिट असतं. पण ते दुसऱ्या राज्यात चालण्यासाठी तिकडच्या परिवहन प्राधिकरणाची संमती लागतेच. गाणगापूर-अक्कलकोट-तुळजापूर अशा फेऱ्या कायम करणाऱ्याला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट सोयीचं. मे 2023 पासूनच्या नियमांनुसार अर्ज ऑनलाइन होतो, कागद पूर्ण असतील तर सात दिवसांत निकाल लागायला हवा. मात्र त्या परमिटवर काळी-पिवळीसारखं थांब्याथांब्यावर सीट भरता येत नाही.

परमिट नसेल तर केंद्रीय कायद्यात 10 हजारांचा दंड आणि सहा महिन्यांपर्यंतची कैद आहे. दंड भरून मोकळं होता येईल, असं अनेकांना वाटतं. खरा फटका अपघातानंतर बसतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की परमिट नसणं हा इन्शुरन्सच्या अटीचा मूलभूत भंग आहे. त्या प्रकरणात कंपनीने मृताच्या वारसांना भरपाई द्यायची आणि ती मालकाकडून वसूल करायची, असा आदेश कायम राहिला. एखादा कमावता माणूस गेला तर भरपाई लाखांत जाते. पिकअपची किंमत त्यापुढे किरकोळ.

मालक कोण, हाही प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे. कर्नाटकातला टॅक्स वाचवायला गाडी पलीकडच्या मेहुण्याच्या नाहीतर मामाच्या पत्त्यावर घेतली जाते, चालते मात्र इकडे. गाडी 12 महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात राहिली तर नवी नोंदणी घ्यावी लागते, हे कोणी लक्षात ठेवत नाही. फेब्रुवारी 2018 च्या आणखी एका निकालानुसार ज्याच्या नावावर नोंदणी, भरपाईसाठी तोच मालक. म्हणजे अपघात हुमनाबादजवळ होतो आणि नोटीस जाते उदगीरच्या मामाला. ज्याने ती गाडी कधी धुतलीसुद्धा नाही.

दोन राज्यांनी आपसात करार करून परमिटची अडचण कमी करण्याची सोय कलम 88 मध्येच आहे. बसगाड्यांसाठी असे करार झालेले आहेत. सीमेलगतच्या तालुक्यांपुरता पिकअप आणि जीपसाठी कमी फीचा तसाच करार करायला कायद्याची आडकाठी नाही. सीमावादावर दोन्हीकडून भाषणं भरपूर होतात, या मागणीचं निवेदन मात्र क्वचितच निघतं.

तोवर परमिटचा अर्ज आपण राहतो किंवा धंदा करतो त्याच भागातल्या आरटीओकडे करायचा. बीदरची पासिंग केए-38, भालकीची केए-39, बसवकल्याणची केए-56, कलबुर्गीची केए-32. अर्ज करताना गाडी कुठल्या राज्यात जाणार ते स्पष्ट लिहायचं, आणि परमिट हातात आलं की त्यावर तेच आलंय का, हे एजंटच्या टेबलावरच वाचून घ्यायचं.