आधी नोकरी, मग एमबीए? हा सल्ला आमच्या मुलींना देऊ नका



नारायणगडाच्या पायथ्याशी आमचं किराणा दुकान आहे. एकादशी जवळ आली की साबुदाणा, भगर, शेंगदाणे किती भरायचे हे माझी लेक नववीपासून ठरवते. कापूस विकल्याशिवाय कुणाची उधारी फिटणार नाही आणि तरीही कुणाला नाही म्हणायचं नाही, हे तिला माझ्याहून जास्त कळतं. यंदा ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला लगेच एमबीएचा अर्ज करायचाय. पुण्याहून दिरांचा फोन आला, "वहिनी, घाई कशाला? दोन वर्षं नोकरी करू द्या आधी. अनुभवाशिवाय एमबीए म्हणजे नुसता कागद."

पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला हा सल्ला लागू असेल. आपल्याकडे पदवी घेऊन घरी आलेल्या मुलीच्या दोन वर्षांत काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? निकालाआधी बायोडाटा तयार असतो! मलाही "वर्षभर थांब" असंच सांगितलं होतं. त्या वर्षाला आता तेवीस वर्षं झाली.

आणि अनुभव लागतोच, हेही खरं नाही. आयआयएमच्या दोन वर्षांच्या एमबीएसाठी पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच कॅट देता येते. राज्याच्या सीईटीचंही तसंच. काही आयआयएम निवडीत अनुभवाला थोडे गुण देतात, ते मान्य. हैदराबादच्या आयएसबीचा एक वर्षाचा मुख्य अभ्यासक्रम मात्र 24 महिन्यांची नोकरी मागतो. हार्वर्डची एक योजना मला फार पटली: शेवटच्या वर्षातच अर्ज करून जागा मिळवायची, किमान दोन वर्षं नोकरी करायची आणि मग वर्गात बसायचं. प्रवेश हातात असला की आलेल्या स्थळाला थांबा म्हणता येतं. नुसतं "अनुभव घेतेय" म्हटलं तर कोण थांबतं?

अर्थात बायोडाट्यात एक ओळ वाढावी म्हणून कर्ज काढून मिळेल त्या कॉलेजात घालायचं असेल, तर त्यापेक्षा दुकानाचा गल्ला बरा. पैशाची सबब सांगणाऱ्यांनी एवढं बघावं: 2024-25 पासून राज्यात केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क शासन भरतं. आपल्यापैकी कितीजणींनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढून ठेवलाय?

काल सूर्यास्ताआधीची जेवणं आटोपली आणि आम्ही दोघी फॉर्म भरायला बसलो. अनुभवाच्या रकान्यात तिने शून्य लिहिलं. सहा वर्षं गल्ला सांभाळला, पण पगाराची एकही पावती नाही. माझ्याकडेही नाही.

दिरांना अजून सांगितलेलं नाही. पर्युषणात येतील, तेव्हा सांगेन.