गुडघ्याचे टक्के

सैन्यातून मुदत संपवून घरी येणाऱ्या जवानाला काही जुनी दुखापत असली, तर निवृत्तीपूर्वी वैद्यकीय मंडळ दोन गोष्टी लिहिते. दुखापत नोकरीमुळे झाली वा वाढली का, आणि अपंगत्व किती टक्के? अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळण्यास पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि टक्के किमान 20 लागतात. आमच्या दवाखान्यात येणारे पुष्कळ माजी सैनिक टक्क्यांवरूनच तणतणत असतात. कागद पाहावा तर नकार पहिल्या प्रश्नावरच मिळालेला! तेव्हा अपिलापूर्वी तो कागद कोणाकडून तरी नीट वाचून घ्यावा.

सांध्यांच्या बाबतीत घोळ अधिक. सरावात गुडघ्यातली गादी किंवा लिगामेंट फाटते, दोन-तीन महिन्यांत माणूस चालू लागतो. झीज दहा-पंधरा वर्षांनी दिसते आणि मग ‘वयोमानाने’ असा शेरा पडतो. चाळिशीच्या आत एकच गुडघा झिजावा, तोही नेमका मार लागलेला, याला वय म्हणणे मला मुळीच पटत नाही. म्हणून दुखापतीच्या वेळचा अहवाल आणि लष्करी रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड जिवापाड जपावे.

माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे. ‘गुडघेदुखी, विश्रांती घ्यावी’ ही चिठ्ठी अपिलात कवडीच्या कामाची नाही. गुडघा किती अंश वाकतो (निरोगी सुमारे 135), दोन्ही मांड्यांचा घेर किती, सांधा लचकतो का, हे लिहावे. एक्स-रे उभे करून काढावा. झोपवून काढलेल्यात सांध्यातली फट पुरेशी वाटते. अंगाचा भार पडला की खरी स्थिती कळते.

धरमवीर सिंग खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार नोकरीतच जडला असे सर्वसाधारणपणे धरावे. सिद्ध करण्याचे ओझे जवानावर नाही. राम अवतार खटल्यात 2014 साली मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही टक्के वर धरण्याची सवलत मिळाली. त्यात 20 चे 50 होतात. 19 आणि 20 मधला फरक असा मोठा आहे. मात्र 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आले आहेत. आपल्याला कोणते लागू, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारावे.

पहिले अपील, मग दुसरे, आणि तिथेही नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. मुदतीकडे लक्ष ठेवावे आणि अर्जाला झेरॉक्स जोडावी. मूळ कागद हातचे सोडू नयेत.