बॅटरी निर्दोष होती

नवी मुंबईत गाडी बंद पडली की आरोपी शोधावा लागत नाही. "खाडीची खारी हवा, साहेब. बॅटरी गेली," हे आमच्या नेरुळच्या सोसायटीतले वॉचमनसुद्धा सांगतात.

तर मंडळी, माझी गाडी सोमवारी सकाळी चालू व्हायची नाही. फक्त सोमवारी! पहिली बॅटरी निमूट बदलली. नवीही महिन्याभरात झोपली, तेव्हा मामा म्हणाले, "अरे, मंगळवार ते शुक्रवार हिला खारी हवा मानवते का?"

मग तीन-चारशे रुपयांचा मीटर आणला. गाडी बंद, दारं बंद. बॅटरीची मायनस केबल सोडवून मध्ये मीटर जोडला, दहा अँपियरवर, आणि अर्धा तास थांबलो. (तेवढ्यात स्टार्टर मारू नका, मीटर जाईल!) झोपलेल्या गाडीला 0.05 अँपियरपर्यंत माफ. माझा आकडा 0.6. बॅटरी 35 अँपियर-अवरची, म्हणजे पुरे 58 तास. शुक्रवार रात्री दहा ते सोमवार सकाळी आठ... मोजा तुम्हीच.

फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज उपसला, आकडा ढिम्म. कारण बाहेरून बसवलेल्या स्टिरिओच्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीवरून डिकीत गेलेली. तिच्यावरचा फ्यूज काढला आणि आकडा 0.03 वर! अ‍ॅम्प्लिफायरला ऊठ-झोप सांगणारी निळी वायर स्टिरिओच्या निळ्या वायरला जोडायची असते. कारागिराने ती कायम करंट असलेल्या वायरला पिळून वर टेप गुंडाळली होती. बिचारा अ‍ॅम्प्लिफायर रात्रंदिवस जागा.

कारागिरावर माझा फारसा राग नाही. त्याला तासाभरात गाडी सोडायची होती, आणि घाई मीच लावली होती. राग आहे तो न मोजता बॅटरी विकणाऱ्यांवर. अंगाला हात न लावता ऑपरेशन सांगणारा डॉक्टर आपण चालवून घेऊ का? आणि राग आपल्यावरही. सबवूफर केवढा, वॅट किती यावर आपण तासभर घासाघीस करतो. पण कंपनीची वायरिंग न कापता स्टिरिओ बसवणारा कपलर काही शे रुपयांचा म्हटला की "राहू दे, कापून जोड". मीही हेच म्हणालो होतो.

असो. पहिली बॅटरी मी एक्सचेंजमध्ये भंगाराच्या भावाने देऊन आलो. बहुतेक ठणठणीत होती.